पाणीटाकीचं वळण

थोरल्याने तिकीट भाजीच्या वाडग्याला टेकवून ठेवलं, अगदी आईच्या, जिजीच्या, नजरेसमोर. छापखान्यात गिऱ्हाइकापुढे नमुना ठेवताना तो असाच ठेवायचा. स्वतः काही बोलायचा नाही, दोन पावलं मागे सरायचा आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत राहायचा. इथे मागे सरायला जागा नव्हती, म्हणून तो खुर्चीत टेकून बसला.

"उद्या सकाळी सव्वादहाची गाडी," तो म्हणाला. "तुझी, माझी आणि आत्याची, तिघांच्या जागा ओळीने. तुला खिडकी."

जिजीने तिकिटाकडे पाहिलं आणि भाजी वाढून घेतली. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईला, समोरच्याचं बोलणं संपलंय की तो नुसता श्वास घ्यायला थांबलाय, हे आवाजावरून कळतं. थोरल्याचं संपलेलं नव्हतं.

"आठ महिने झाले तुम्ही सगळे इथे येऊन, जिजी. मला काय कळत नाही? पूर्वी तुझा फोन आला की ठेव म्हणून सांगावं लागायचं. आता मीच बोलत असतो आणि तू नुसती हं, हं करतेस. तुझ्याकडे सांगायलाच काही नसतं. या गावात तुझ्याशी बोलतं कोण?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जिजीला झोंबलं.

त्यांचं जुनं शहर बंदराचं. तिथे भाजी घ्यायला गेलं तरी माणूस तासाभराने परत यायचा, कारण वाटेत चार जण अडवून तब्येत, पगार आणि पोरांची लग्नं विचारायचे. हे शहर त्याहून मोठं, टेकड्यांवर चढत गेलेलं, आणि इथली माणसं ओठांना कुलूप लावून किल्ली घरी ठेवून बाहेर पडतात असं जिजीचं पहिल्या आठवड्यातच मत झालं होतं. दुकानदाराकडे वस्तू नसली तर तो "नाही" म्हणे. उद्या येईल, परवा बघा, तुमच्यासाठी मागवून ठेवतो, असं काही नाही. नुसतं "नाही". पहिल्याच महिन्यात दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली सापडली. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "आपला आवाज जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. दुपारी दोन ते चार कृपया सांभाळावे." खाली सही, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. त्या पूर्वी औषधांच्या दुकानात होत्या. ज्या आवाजाने एकतीस वर्षं अख्ख्या शहराला एकमेकांशी जोडून दिलं, त्याबद्दल ही चिठ्ठी. जिजी महिनाभर त्या बाईंकडे बघून मान फिरवायची. मग जिजीला ताप आला, आणि दाराबाहेर गोळ्यांची पुडी सापडली, वर तसल्याच सुरेख अक्षरात वेळा लिहिलेल्या. बाई काही आत आल्या नाहीत. "माणूस आहे की टपालपेटी?" जिजी धाकट्या सुनेला, धाकटीला, म्हणाली होती. गोळ्या मात्र तिने वेळच्या वेळी घेतल्या.

"हल्ली जिन्यातून जाताना मान हलवतात त्या," जिजी आता म्हणाली.

"मान हलवतात," थोरल्याने आत्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना, आत्या?"

आत्या म्हणजे जिजीची नणंद. पंच्याहत्तरी ओलांडलेली, देहाने भरभक्कम, अकरा तासांच्या प्रवासातही केसाची बट न हललेली. भावाच्या मागे त्याच्या दोन्ही मुलांच्या संसारावर देखरेख ठेवायची जबाबदारी आपल्यावर आली आहे असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"वहिनी, मी स्पष्ट बोलते. राग आला तर येऊ दे," आत्या म्हणाली. "भाऊने छापखाना काढला तो दोन मुलगे दोन बाजूंनी उभे राहतील म्हणून. आता एक एकटा राबतोय आणि दुसरा इथे परक्या माणसाच्या हाताखाली पाट्या रंगवतोय. कशासाठी? तर बायकोला बस चालवायची आहे. बस तिथेही होतीच की."

धाकटा इतका वेळ ताटात बघून जेवत होता. चाळिशीचा झाला तरी थोरल्यासमोर त्याची मान अजून खालीच असायची. त्याची मुलगी, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, ती त्याच्या शेजारी बसली होती. बारा वर्षांची. ती मात्र कुणाकडेच न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"तिथे तिला तीनदा डावललं, आत्या," धाकटा म्हणाला. "नऊ वर्षं तिच्या हातून एक ओरखडा नाही. तरी प्रशिक्षकाची जागा निघाली की दुसऱ्यालाच. तिसऱ्या वेळी तर ज्या पोराला तिने गिअर टाकायला शिकवलं, त्यालाच नेमलं आणि तिला त्याच्या हाताखाली दिलं. इथे जाहिरात निघाली. ती परीक्षा देऊन आली आणि दुसऱ्या दिवशी तिथे ड्यूटीवरही गेली. मला म्हणाली, निवड झाली तर काय करायचं? मी म्हटलं, जायचं."

"तू म्हणालास," थोरला म्हणाला. "मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"पुढच्या महिन्यात शाळांच्या पुस्तकांचं काम येतंय. एवढं मोठं काम भाऊंच्या वेळेलाही आलं नव्हतं. माझ्याकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत. पान लावणारं तुझ्यासारखं माणूस नाही." थोरल्याचा आवाज इथे थोडा खाली आला. मग पुन्हा चढला. "आणि तू इथे 'गाड्या लावू नयेत' रंगवत बसलायस."

"दादा, तिथे मी आधी भाऊंचा मुलगा होतो, मग तुझा भाऊ. पान चांगलं लागलं तर छापखान्याचं नाव, बिघडलं तर माझं. इथे परवा इस्पितळाच्या सगळ्या पाट्या केल्या. मालक आला, दहा मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, 'अक्षर चांगलं आहे.' गेला. तेवढंच बोलला. मी घरी येईपर्यंत हवेत होतो."

जिजीने थोरल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या या मुलाला राग आला की तो बोलायचा आणि दुखावला की गप्प व्हायचा. आत्ता तो गप्प होता.

तेवढ्यात चिमणी खुर्चीवरून उठली. "मला निघायला हवं. दोन वाजून दहा मिनिटांची आहे."

"काय आहे?" आत्याने विचारलं.

"आईची बस. आज जोडबस पहिल्यांदा टेकडीवर जाणार आहे. एकशेचौदा नंबर." मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून ती जरा घुटमळली. "आतापर्यंत तिथे छोटीच बस जायची. लोक लोंबकळत जायचे. लांब बस पाणीटाकीच्या वळणावर बसणारच नाही असं सगळे ड्रायव्हर म्हणत होते. आई म्हणाली बसेल. म्हणून पहिली फेरी तिलाच दिली."

"आम्हाला कुणी बोललं नाही ते," थोरला म्हणाला.

"आईच म्हणाली सांगू नको. घरात पाहुणे आलेत, उगीच गाजावाजा नको."

पाहुणे हा शब्द टेबलावर पडला तो तसाच राहिला. जिजीनेही तो ऐकला. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. गेले दोन आठवडे धाकटी अंधार असतानाच घराबाहेर पडत होती. पाळी बदलली असेल, असं जिजीने धरून चाललं होतं. विचारलं नव्हतं. या शहराची सवय आपल्याला कधी लागली, असं तिच्या मनात आलं.

खरं तर सवय जुनीच होती. धाकटी बस चालवू लागली तेव्हापासून सून काय करते असं कुणी विचारलं की जिजी सांगायची, "परिवहन खात्यात आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, टेबलखुर्ची असेल. जिजीने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. एकदा तर धाकटी शेजारीच उभी होती. तिने सासूकडे एकवार पाहिलं आणि पिशवी उचलून पुढे चालू लागली.

जिजीने ताट बाजूला सारलं. "सगळे चला," ती म्हणाली.

"कुठे?" आत्या म्हणाली.

"बसायला. तुम्ही अकरा तास बसून आलात ना वन्सं, आणखी पाऊण तास बसा."

"माझं जेवण व्हायचंय."

"आल्यावर गरम करून देते."

*

थांब्यावर रांग होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाने पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवलेलं. आत्याने त्या अंतरात घुसायचा एक प्रयत्न केला, तेव्हा मागच्या माणसाने नुसतं पाहिलं. आत्या पुन्हा मागे आली. "बघतात कसे," ती कुजबुजली. तिची कुजबुज साऱ्या रांगेला ऐकू गेली.

बस आली. दोन डब्यांची, मध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा जोड. जिजीने तिला रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं, पण इतक्या जवळून पाहण्याची ही पहिलीच वेळ. एका टोकाशी उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचं माणूस ओळखू येणार नाही एवढी लांब. आणि त्या दुसऱ्या टोकाला, काचेमागे, आपली धाकटी. सकाळी चहाचा कप धुऊन पालथा घालून गेलेली.

"पुढून नको," जिजी म्हणाली. "मागच्या दाराने चढू. तिला कळायला नको."

ते मागच्या डब्यात बसले. आत्याने दोन जणांच्या बाकाचा बराचसा भाग व्यापला आणि उरलेल्यात चिमणी मावली. थोरला आणि धाकटा उभे राहिले, दोघांनी एकच दांडा धरला. जिजीला एका बाईच्या शेजारी जागा मिळाली. बाईच्या मांडीवर कापडाचा गुंडाळलेला ताका होता. जिजी बसली तेव्हा तिने तो थोडा आपल्याकडे ओढून घेतला, तेवढंच.

बस सुटली. पहिली पंधरा मिनिटं सपाट रस्ता होता. कार्यालयांच्या इमारती, एक मोठी बाग, रविवार म्हणून बंद असलेली दुकानं. मग चढ लागला. रस्ता अरुंद झाला, घरं जवळ आली, आणि खिडकीतून लोकांच्या गॅलऱ्यांमधले कपडे हाताला लागतील इतके शेजारून जाऊ लागले. पुढचा डबा वळला की भाता एका अंगाने मिटायचा आणि मग मागचा डबा वळायचा. आत्याने दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "मला भीती वाटत नाहीये. नुसतं सांगून ठेवते."

"बरं," जिजी म्हणाली.

पाणीटाकीची भिंत डाव्या हाताला आली. काळ्या दगडाची, दोन पुरुष उंच. रस्ता तिच्याभोवती जवळजवळ उलटा वळत होता. पुढचा डबा भिंतीआड जाऊ लागला, चिमणी खिडकीला नाक लावून बसली, आणि बस थांबली. झटका नाही, काही नाही. पाणी थांबावं तशी थांबली.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे एकही गाडी असायला नको होती, तिथे एक सामानाची छोटी गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं.

"संपलं," थोरला म्हणाला. "आता ना पुढे, ना मागे. मी सांगत होतो."

"तू काही सांगत नव्हतास," धाकटा म्हणाला.

जिजी वाट बघत होती, आता सुरू होईल म्हणून. जुन्या शहरात असं झालं असतं तर एव्हाना निम्मी बस खाली उतरून धाकटीला शिकवू लागली असती. डावीकडे कापा, उजवीकडे घ्या, बाई आहे हो, कुणी पुरुषमाणूस बसवा. हॉर्नचा गदारोळ उठला असता. इथे कुणी हलत नव्हतं. एका माणसाने वर्तमानपत्राचं पान उलटलं. मागे बरंच अंतर राखून दोन मोटारी येऊन थांबल्या होत्या, त्यांचाही आवाज नव्हता. एक प्रवासी आपणहून मागच्या दाराने उतरला आणि खाली उताराच्या तोंडाशी जाऊन रस्त्यात हात आडवा धरून उभा राहिला. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

"मेल्यांना काही पडलेलीच नाही," आत्या म्हणाली.

जिजीलाही आठ महिने तसंच वाटलं होतं. आता तिने आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं. सगळे पुढे बघत होते, ड्रायव्हरच्या केबिनकडे. घाई नव्हती, कंटाळा नव्हता. एक्स्चेंजमध्ये एखादं अवघड कनेक्शन लावताना शेजारच्या मुली अशाच बसायच्या. ही करते आहे ना, मग तिला करू दे. त्यांना पडलेली होती. म्हणून तर ते गप्प होते.

शेजारची ताक्यावाली बाई अचानक बोलली, हळू, पुढेच बघत. "काळजी करू नका. माझं दुकान इथेच वर आहे. दोन आठवडे बघते आहे मी, पहाटे या बाई रिकामी बस घेऊन इथून जातात. चार चार वेळा जातात. उतरतात, भिंत मोजतात, पुन्हा जातात."

म्हणजे अंधारात घराबाहेर पडायची ती यासाठी. जिजी त्या बाईकडे पूर्ण वळून बसली.

"माझी सून आहे ती," ती म्हणाली. "बस चालवते. नऊ वर्षं तिथे चालवली, आता इथे चालवते. दुसऱ्यांनाही शिकवते."

बोलताना तिचा तो जुना आवाज लागला, तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचणारा. मागच्या डब्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. आत्यानेही. परिवहन खातं तिनेही नऊ वर्षं ऐकलं होतं आणि गावभर सांगितलं होतं. थोरला आईकडे टक लावून बघत राहिला.

"हो का," ताक्यावाली म्हणाली. "मग तुम्हाला हे सगळं माहीतच असेल."

तेवढ्यात मधल्या भात्यातून धाकटी मागच्या डब्यात येत होती. गणवेश, मनगटावर घड्याळ, बाह्या कोपरापर्यंत. मागच्या काचेतून भिंतीचं अंतर बघायला ती आली होती, आणि समोर सगळं घर बसलेलं. ती क्षणभर थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग जिजीकडे. मग मागच्या काचेपाशी गेली, वाकून पाहिलं आणि वळली ती थेट थोरल्याकडे.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षांत तिने या मोठ्या दिराशी जेवण वाढताना आणि निरोप घेताना, याखेरीज फारसं बोलणं केलं नव्हतं.

"दादा, एक काम कराल का?"

"मी?"

"मला दोन मीटर मागे जायचंय आणि भिंतीला धरून पुन्हा वळायचंय. त्या गाडीमुळे बाहेरून घेता येत नाही. भिंत आणि बस यांच्यात वीतभर जागा राहिली पाहिजे. तुम्ही खाली उतरून भिंतीच्या त्या कोपऱ्यावर उभे राहा, मला आरशात दिसाल असे. वीतभर आहे तोवर एक हात वर. कमी झालं की दोन्ही. मी जागेवर थांबेन."

"वीतभर म्हणजे किती? नक्की सांग."

"नऊ इंच."

थोरल्याने शर्टाची बाही वर सारली. "मी तीस वर्षं कागदाचा समास डोळ्यांनी मोजतोय. मला सुताचा फरक दिसतो. जा तू, बस जागेवर."

"आणि तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या गाडीच्या नाकाशी. तिकडे मला हातभर तरी हवी." आणि ती गेली.

दोघे भाऊ उतरले. जिजी खिडकीतून बघत होती. थोरला भिंतीच्या कोपऱ्यावरच्या खाचेत पाठ लावून उभा राहिला, त्याचे वडील भाऊ यंत्रापाशी उभे राहायचे अगदी तसाच, एक खांदा किंचित खाली. हे असते तर आज काय म्हणाले असते, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिलाच हसू आलं. हे असते तर पुढे जाऊन बसले असते आणि सुनेला सूचना दिल्या असत्या.

बस मागे सरकली. भाता उघडला, मिटला. थांबली. मग पुन्हा पुढे, इतकी सावकाश की चाकाखालचा खडा फुटलेला ऐकू आला. काळा दगड खिडकीच्या काचेजवळ आला, आणखी जवळ आला. आत्याने डोळे मिटले आणि जिजीचा दंड धरला. थोरल्याचा उजवा हात वर होता. डाव्या हाताची वीत त्याने बस आणि भिंत यांच्यामध्ये धरली होती, अंगठा दगडाला, करंगळी पत्र्याच्या दिशेला. करंगळी पत्र्याला लागली नाही, पण मध्ये काही उरलंही नाही. डावा हात हलला नाही. उजवा खाली आला नाही. बस त्याच्या वितीजवळून सगळीच्या सगळी निघून गेली, आणि मागच्या काचेत पाणीटाकीची भिंत मागे पडताना दिसली.

कुणी टाळी वाजवली नाही. वर्तमानपत्रवाल्याने पान उलटलं. ताक्यावाली बाई उठली, तिचा थांबा आला होता. जाताना तिने जिजीच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि उतरून गेली.

दोघे भाऊ चढ पळत चढून पुढच्या थांब्यावर बसमध्ये शिरले, घामाघूम, आणि शाळेत असताना हसायचे तसे हसत.

"नऊ," थोरला धापा टाकत जिजीला म्हणाला. "एक सूत कमी नाही."

*

टेकडीच्या माथ्यावर शेवटचा थांबा. बस रिकामी होत होती. जिजी आणि मंडळी पुढच्या दारापाशी गेली तेव्हा एक म्हातारा गृहस्थ धाकटीच्या खिडकीशी उभा होता, हातात घड्याळ.

"चार मिनिटं उशीर झाला," तो म्हणाला.

थोरला पुढे सरसावला. जिजीने त्याची बाही धरली.

"हो, झाला," धाकटी म्हणाली.

"उद्या याच वेळेला तुम्ही आहात का?"

"उद्या सकाळी आहे. साडेआठपासून."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मग मी सकाळी जाईन," तो म्हणाला, घड्याळ खिशात ठेवलं आणि काठी टेकत निघून गेला.

"हे काय बोलणं झालं?" आत्या म्हणाली.

"कौतुक केलं त्यांनी, आत्या," चिमणी म्हणाली. "इथे असंच करतात."

धाकटी खाली उतरली. बारा मिनिटं होती तिच्याकडे. ती बसच्या सावलीत उभी राहिली आणि कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या तिने खाली ओढल्या. मग हात खिशात घातले.

"मला सांगितलं नाहीस," जिजी म्हणाली.

"तुम्ही काय म्हणाल कळत नव्हतं."

"मीही कधी विचारलं नाही." जिजीला पुढचं बोलणं सोपं नव्हतं. "आणि एक सांगते. मी लोकांना नऊ वर्षं तुझं काम नीट सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं."

"होतं."

"आज सांगितलं. सगळ्या डब्याला ऐकू गेलं."

"पुढेही आलं ऐकू," धाकटी म्हणाली आणि हसली. तिचा एक हात खिशातून बाहेर आला आणि जिजीच्या हातात राहिला.

थोरला बाकावर बसला होता. त्याच्या शर्टाला पाठीवर पाणीटाकीच्या दगडाची काळी रेघ उमटली होती. जिजी त्याच्याजवळ जाऊन बसली.

"त्या तिकिटाचं काय करू?" तो न बघता म्हणाला.

"परत कर. घेत नसतील तर वन्संना दोन जागांवर ऐसपैस बसू दे. मी इथेच राहते. मला या शहराचं बोलणं आता कुठे कळायला लागलंय, आणि कळायला लागल्यावर निघून जाणं काही बरं नाही. महिन्याभराने येईन तुझ्याकडे, चार दिवस. पाहुणी म्हणून."

"तो शब्द चिमणी बोलली तेव्हा लागला मला."

"दिसलं मला."

धाकटा थोरल्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला होता.

"पुस्तकांची पानं मी इथून आखून पाठवतो," धाकटा म्हणाला. "संध्याकाळी करीन. पण त्यावर माझं नाव जाईल, दादा. मांडणी म्हणून. बारीक अक्षरात गेलं तरी चालेल."

"किती बारीक?"

"वाचता येईल इतपत."

"बघतो," थोरला म्हणाला. जुन्या शहरात बघतो म्हणजे नाही असायचं. जिजीने आवाज नीट ऐकला. यावेळी ते हो होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर जायला त्यांनी आत्याच्या आग्रहाखातर आधी रिक्षाने माथ्यावर जाऊन एकशेचौदाच धरली. टेकडीवरून स्टेशनपर्यंत ती सरळ खाली जाते. धाकटीने आत्यासाठी पुढचा, आपल्या जवळचा बाक राखून ठेवला होता, पण आत्या भात्याच्या पलीकडे, मागच्या डब्यात जाऊन बसली. तिला म्हणे तिथूनच वळण बघायचं होतं. निघताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, त्यांना थांबवून तिने आपल्या भाचेसुनेचं कामही सविस्तर सांगितलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि "बरं" म्हणाल्या होत्या.

बस गच्च भरली होती. जिजी बसली, थोरला तिच्याजवळ दांडा धरून उभा राहिला. पाणीटाकी जवळ येऊ लागली तशी त्याची मान लांब झाली. आज ती गाडी तिथे नव्हती. बस भिंतीला वळसा घालून सरळ उतरली, काही न होता. थोरल्याला राहवलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या, अंगात कोट, हातात डबा अशा अनोळखी माणसाकडे तो वळला.

"काल इथे बस अडकली होती," तो म्हणाला. "नऊ इंच जागा होती. नऊच. मी स्वतः मोजली."

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. "माहीत आहे," तो म्हणाला. "मी खाली रस्ता अडवून उभा होतो."

आणि तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. थोरल्याने जिजीकडे पाहिलं. जिजीने नुसती मान हलवली.